तलवार अस्सल, नेसण नकली

१/ ऐतिहासिक व्हिडिओ गेममध्ये तलवारीची मूठ चुकली, तर इतिहासप्रेमी तरुण तत्काळ हरकत घेतात. तटबंदी, तोफ, घोड्याचे खोगीर यांचीही कसून झडती होते. स्त्री-व्यक्तिरेखेचा पोशाख मात्र या झडतीतून अलगद सुटतो. तो सुटू नये, यासाठी हा धागा.

२/ प्रथम एक गैरसमज दूर करावा. हा वाद सोवळेपणाचा नाही. मध्ययुगीन मंदिरांवरील सुरसुंदरी अल्पवस्त्रा आहेत आणि तरीही ती शिल्पे आपल्या काळाची साक्ष देतात. पोशाख किती झाकतो, हे गौण आहे. तो त्या काळाला, त्या कामाला आणि त्या स्त्रीच्या स्थितीला धरून आहे काय, एवढेच पाहायचे.

३/ उदाहरण राणी लक्ष्मीबाईंचे. तांबे घराण्यातली ही मराठी कन्या २०१९ साली ‘फेट/ग्रँड ऑर्डर’ या जपानी मोबाइल गेममध्ये अवतरली. ‘हिंदुस्थानची जोन ऑफ आर्क’ ही पाश्चात्त्य उपमा निर्मात्यांनी इतकी शब्दशः घेतली, की तिला त्याच गेममधल्या जोनसारखा चेहरा दिला. झाशीच्या राणीला स्वतःचा चेहराही मिळाला नाही.

४/ पुरावा उपलब्ध नव्हता काय? होता, आणि तोही मराठीत. वरसईचे विष्णुभट गोडसे बंडाच्या धामधुमीत झाशीत होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात राणी कधी पुरुषी वेशात दिसते : पायजमा, अंगात बंडी, टोपीवर पागोटे, कमरेला तलवार. कधी स्त्रीवेशात दिसते, तेव्हा वस्त्र पांढरे आणि नाकात नथ नाही.

५/ दुसरा साक्षीदार जॉन लँग हा वकील. १८५४ साली तो राणीला भेटला. त्यालाही साधी पांढरी मलमल आणि कानातले सोन्याचे दागिने एवढेच दिसले. कोकणातला भिक्षुक आणि परदेशी वकील यांची साक्ष राणीच्या साधेपणाबाबत जुळते. त्या साधेपणात तिचे वैधव्यही आहे आणि राज्यकर्तीचा धीरगंभीरपणाही.

६/ दोष केवळ परक्यांचा नाही. आपल्याकडच्या कॅलेंडरांनी आणि रंगमंचांनीही राणीला भरजरी शालू नेसवला, दागिन्यांनी मढवले. पागोटे बांधलेली राणी आपल्यालाही अनोळखीच राहिली. दुसऱ्याला जाब विचारण्यापूर्वी घरचा हिशेब तपासलेला बरा.

७/ निर्मात्यांचा पहिला बचाव : ‘ही कल्पनासृष्टी आहे.’ २०१५ च्या ‘मेटल गिअर सॉलिड ५’ मधील क्वाएट ही नेमबाज त्वचेने श्वास घेते, म्हणून ती तोकड्या वस्त्रांत रणांगणावर फिरते. कपडे आधी ठरले आणि कारण मागाहून शोधले, अशी शंका यावी इतके हे कारण सोयीचे आहे. कल्पनेची ही उधळण पुरुष सैनिकांच्या गणवेशापाशीच नेमकी कशी थांबते?

८/ दुसरा बचाव खर्चाचा. ‘असॅसिन्स क्रीड : युनिटी’त खेळाडूंना स्त्री-पात्र का निवडता येत नाही, या प्रश्नावर युबिसॉफ्टने २०१४ साली अॅनिमेशनच्या वाढीव कामाकडे बोट दाखवले. याच मालिकेवर पूर्वी काम केलेल्या जॉनाथन कूपर यांच्या मते ते काम एक-दोन दिवसांचे होते. गेमची पार्श्वभूमी फ्रेंच राज्यक्रांतीची. १७९३ साली मारा याला भोसकणारी शार्लट कॉर्दे ही त्याच क्रांतीतली.

९/ तिसरा बचाव : ‘अस्सल पोशाखात लढता येत नाही.’ हा दावा करणाऱ्याने सोलापूर जिल्ह्याच्या सीमेवर, दुधनीच्या तुरीच्या रानात यावे. जुन्या पिढीतल्या बाया लुगड्याचा काचा मारून दिवसभर खुरपतात. कासोटा वस्त्राला दोन पायांत विभागतो. वाकणे, चढणे, धावणे सारे मोकळेपणी होते. ही नेसण कष्टांनी घडवली आहे.

१०/ चिलखताचेही तसेच. त्याचे काम वार बाहेरच्या बाजूला घसरवण्याचे. पत्र्यावर स्तनांचे दोन उंचवटे घडवले, की भाल्याचे टोक मधल्या खोबणीकडे, म्हणजे थेट छातीच्या हाडाकडे वळते. कोणता शहाणा लोहार असे चिलखत घडवील? उपयोग शस्त्राला कसा आकार देतो, हे पाहायचे असेल त्याने दुधनीच्याच तालुक्यात, अक्कलकोटच्या राजवाड्यातला शस्त्रसंग्रह पाहावा.

११/ हे साधता येते, याचा दाखला पुण्यातच आहे. नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली आला. नायिका सर्कशीतली मुलगी, हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली. भिंतीवरून धावणे, खांबाभोवती गिरकी घेणे ही तिची लढाई तिच्या पेशातून येते. कथेत देव आहेत, असुर आहेत, अद्भुत आहे. तरीही तिचे शरीर तिच्या कामासाठी आहे, पाहणाऱ्याच्या नजरेसाठी नाही.

१२/ आज अनेक मुलांची इतिहासाशी पहिली भेट मोबाइलच्या पडद्यावर होते. गोडसे भटजींचे पुस्तक हाती येईतो डोळ्यांत दुसरीच राणी ठाण मांडून बसलेली असते. म्हणून तलवारीला लावतो तीच कसोटी नेसणीला लावावी : ही स्त्री कोण, तिचे काम काय, तिला प्रत्यक्ष पाहणाऱ्याने काय लिहून ठेवले? ज्या गेमपाशी या तीन प्रश्नांना उत्तर नाही, त्याने ‘ऐतिहासिक’ हे बिरुद मिरवू नये.