शेवटचं कडवं कुणी कापलं?

यंदा 14 एप्रिलला धाटावात मिरवणूक निघाली, तेव्हा डीजेवर वामनदादांच्या एका गाजलेल्या गाण्याचं नवं व्हर्जन लागलं. आम्ही नाचलो, खोटं कशाला बोलू? एमआयडीसीतल्या कंपनीतून निवृत्त झालेले एक काका कडेला उभे होते. गाणं संपलं तसं ते म्हणाले, "पोरांनो, शेवटचं कडवं कुठं गेलं?"

आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. मग मोबाइलवर तेच गाणं काढलं. खाली गायकाचं नाव होतं, रिमिक्सवाल्याचं होतं, व्हिडिओ एडिटरचंसुद्धा होतं. गीतकाराच्या जागी लिहिलं होतं : 'पारंपरिक'.

पारंपरिक? वामन तबाजी कर्डक हा माणूस 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मला. मुंबईत गिरणीत राबला, मोठेपणी अक्षरं शिकला, 1943 साली पहिलं गीत लिहिलं आणि पुढची साठ वर्षं गावोगाव बाबासाहेब पोचवत फिरला. 15 मे 2004 रोजी तो गेला. त्याला पाहिलेली, ऐकलेली माणसं आजही आपल्या घरात आहेत. एवढ्या जवळचा कवी वीस वर्षांत 'परंपरा' कसा होतो?

ज्यांनी दादा ऐकले त्यांना माहीत आहे की अनेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात ते 'वामन' हे नाव गुंफत. ही हौस नव्हती. चोखोबांच्या अभंगात 'चोखा' येतो, सोयराबाईंच्या अभंगात 'चोखियाची महारी' येते. ज्यांना दप्तरात, शिलालेखात, पोथीत जागा नव्हती त्यांनी आपलं नाव गाण्यातच कोरून ठेवलं. ती नाममुद्रा नसती तर हे अभंग केव्हाच दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर चढले असते. आज गाणं तीन मिनिटांत बसवायचं म्हणून कात्री लागते, ती नेमकी शेवटच्या कडव्यावर. कडवं जातं आणि त्याच्याबरोबर सही जाते.

हे फक्त आपल्याच वाट्याला आलंय असं नाही. सॉलोमन लिंडा हा दक्षिण आफ्रिकेतला झुलू कामगार. 1939 साली जोहान्सबर्गच्या गॅलो कंपनीत त्यानं आपल्या साथीदारांसह 'म्बुबे' म्हणजे 'सिंह' हे गाणं रेकॉर्ड केलं. हक्काच्या बदल्यात हातावर 10 शिलिंग पडले, आणि तो त्याच कंपनीत रेकॉर्ड पॅक करत राहिला. पुढे अमेरिकेतल्या 'द वीव्हर्स' या बँडनं ते उचललं. झुलू शब्द नीट ऐकू आला नाही म्हणून त्याचं 'विमोवे' झालं, आणि श्रेय गेलं 'पॉल कॅम्पबेल' नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या माणसाला! 1961 मध्ये 'द टोकन्स'नं त्याचं 'द लायन स्लीप्स टुनाइट' केलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. 1962 साली लिंडा कफल्लक मेला. 1994 च्या डिस्नेच्या 'लायन किंग'मध्येही ते गाणं वाजलं. मुली कोर्टात गेल्या तेव्हा कुठे 2006 मध्ये तडजोड झाली.

दुसरं उदाहरण विली डिक्सनचं. त्या कृष्णवर्णीय गीतकाराचं गाणं मडी वॉटर्सनं 1962 मध्ये रेकॉर्ड केलं होतं. त्यातले शब्द 1969 साली 'लेड झेपेलिन'च्या जगप्रसिद्ध गाण्यात नावाशिवाय आले. डिक्सन 1985 मध्ये कोर्टात गेला, 1987 मध्ये तडजोड झाली, आणि आज त्या गाण्यावर त्याचं नाव आहे. ब्लॅक पँथरकडून आपण 1972 साली नाव घेतलं. नावासाठी कसं भांडायचं, हेही त्या समाजाकडून घेऊ या.

यावर आपलेच लोक तीन गोष्टी सांगतात.

पहिली : "गाणं समाजाचं आहे, नाव कशाला?" दादांनी गाणी समाजासाठीच लिहिली, हे खरं. पण मग चॅनेलचा लोगो कशाला? जाहिरातीचे पैसे एका खात्यात कसे जातात? गाणं समाजाचं, कमाई चॅनेलची आणि कवी मात्र 'पारंपरिक', हा कुठला हिशोब?

दुसरी : "जलसेवाल्यांनी, गायन पार्ट्यांनीही सिनेमाच्या चाली उचलल्याच की." उचलल्या. पण ती चाल सिनेमाची आहे हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ठाऊक असायचं. त्यानं कुठल्या संगीतकाराचं नाव पुसलं गेलं नाही. तरीही आम्ही म्हणतो, चाल कुणाची तेही सांगा. नियम सगळ्यांना एकच.

तिसरी : "कायद्यात काही करता येत नाही." बाबासाहेबांच्या लेकरांनी कायदा न वाचता असं म्हणावं? 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतो. म्हणजे दादांच्या गीतांवर 2064 अखेरपर्यंत. कलम 57 सांगतं की हक्क विकला तरी आपलं नाव लावून घेण्याचा कवीचा अधिकार विकला जात नाही. 2012 च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 31-सी कव्हर व्हर्जनला मुभा देतं, पण मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं होऊन गेल्यावर आणि रॉयल्टी भरून.

भीमराव कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहून ठेवलं नसतं तर कितीतरी जलसाकारांची नावंही आज आपल्याला सांगता आली नसती. कॅसेटच्या पिढीचं तसं होऊ द्यायचं नाही. म्हणून आम्ही धाटावात ठरवलंय : पुढच्या जयंतीला गाणं पूर्ण वाजेल, शेवटच्या कडव्यासह. प्रत्येक गाण्याआधी माइकवरून कवी, मूळ गायक आणि चाल यांची नावं पुकारली जातील. घराघरांतल्या माळ्यावरच्या कॅसेटी आणि गाण्यांच्या वह्या गोळा करून त्यांच्या कॉप्या काढल्या जातील. आणि 'पारंपरिक' लिहिणाऱ्या प्रत्येक चॅनेलला लेखी पत्र जाईल. रोहा, पेण, महाडच्या साथींनो, तुमच्याही गावात हे करा.

आपल्या बापजाद्यांना अपमानाच्या नावांनी हाक मारली गेली. धम्म घेतला, नावं बदलली, ताठ मानेनं सांगू लागलो. त्याच समाजाच्या जयंतीत त्याच समाजाच्या कवीचं नाव कापलं जातं, आणि आम्ही त्यावर नाचतो. काकांनी विचारलेला प्रश्न डीजेला नव्हता, आम्हाला होता.

जय भीम!