गुणाकार बंद करा!

परदेशवारीचा विचका खर्च करत नाही, गुणाकार करतो, हे माझे ठाम मत. 2025 साली सिंगापुरात दीड डॉलरची कॉफी दिसली आणि माझ्यातला कारकून ओरडला, "शंभर रुपये! घरी जाऊन पिऊ." हिने मुकाट्याने नळावर बाटली भरली. परतताना विमानतळावर शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी चॉकलेटांचे चार डबे घेतले, तेव्हा मात्र पाढे विसरलो!

अहो, गुणाकार निघण्यापूर्वी एकदाच करा, दिवसांनी भागा आणि खुशाल खर्चा. कार्डाचे यंत्र 'रुपयांत घेऊ?' विचारील, डॉलरच म्हणा, नाहीतर ते स्वतःच्या भावाने गुणते. यादीत पहिली रक्कम बायकोच्या कॉफीची लिहा. बँकेत जन्मभर खाती जुळवली, पण ती न प्यालेली कॉफी कोणत्या खात्यात टाकावी, अजून कळलेले नाही.