विसावा आणि जू

श्रद्धा म्हणजे थकलेल्यांची पळवाट, असं आमच्या कट्ट्यावर नेहमी ऐकतो. मला ते पटत नाही.

आमच्या कणकुंबीला मलप्रभेचा उगम. तशाच एका उगमाजवळ, गंगामुळच्या रानात, 1858 साली पंडिता रमाबाई जन्मल्या. लहानपण तीर्थयात्रेत पायपीट करण्यात गेलं. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली, मग भाऊ, 1882 मध्ये नवरा. वय तेवीस, पदरात लहानगी मनोरमा! पुढल्या वर्षी इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण लगेच सगळं निवलं असं नाही. धर्म मिळाला, ख्रिस्त मिळायचा राहिला होता, हे आठेक वर्षांनी कळलं, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो.

आणि विसावा मिळाल्यावर त्या स्वस्थ बसल्या का? दुष्काळातल्या बायका-मुलींना केडगावला आसरा दिला. 1921 मध्ये मनोरमाही गेली, तरी बायबलचं मराठी भाषांतर पुरं करूनच 1922 मध्ये डोळे मिटले.

मत्तयाच्या 11व्या अध्यायात विसाव्याच्या जोडीलाच जू आहे. आमच्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको, जू दोघांच्या खांद्यावर असतं.

म्हणून अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करून दमलेल्या सुनेला ‘प्रार्थना कर गं’ सांगून, तिच्याच हातचा चहा पिऊन उठणारी मंडळी पाहिली की राग येतो. प्रार्थना कराच. पण दोन तास तुम्ही बसा की म्हातारीजवळ! तेवढं ती झोपेल तरी.