समुद्रपुष्पाची शुश्रूषा

रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहून आलेली मुले घरीही खाऱ्या पाण्याची काचपेटी मागतात. तीत ठेवलेले समुद्रपुष्प हे फूल नव्हे, जीव आहे. ते आकसले, फिकटले, तोंड उघडेच राहिले, तर आजारी समजावे. अशा वेळी बळेच भरवू नये, खडकावरून ओढू नये. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. म्हणून क्षारांचे प्रमाण मोजून लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम राखावे, थोडे थोडे पाणी बदलावे, पुरेसा प्रकाश द्यावा. अनेक समुद्रपुष्पांच्या देहातील सूक्ष्म शैवाल प्रकाशावर त्यांचे अन्न घडवते. ते उणावले की रंग उडतो. सुधारणेस कित्येक आठवडे लागतात. एवढा संयम नसेल, तर समुद्रपुष्प ओहोटीच्या खडकातच राहू द्यावे, तीही जीवदयाच.