दिवाणखान्यातील खेळाचे अर्थकारण

जुलै २०१२ मध्ये अमेरिकेत ‘ऊया’ नावाच्या एका छोट्या यंत्रासाठी किकस्टार्टर या संकेतस्थळावरून लोकवर्गणी मागण्यात आली. मुठीत मावेल एवढे हे यंत्र टीव्हीला जोडावयाचे आणि त्यावर व्हिडिओ गेम खेळावयाचे. किंमत अवघी ९९ डॉलर. आत मोबाइल फोनची अँड्रॉइड प्रणाली असल्याने कोणाही होतकरू निर्मात्याने कोणाच्या परवानगीवाचून आपला खेळ त्यावर विकावा, अशी योजना होती. महिन्याभरात सुमारे ८६ लाख डॉलर जमले. सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो या तीन कंपन्यांचे वर्चस्व आता संपुष्टात येणार, असे भाकीत तेव्हा अनेक जाणत्यांनी केले होते. यंत्र २०१३ मध्ये बाजारात आले, २०१५ मध्ये ते दुसऱ्या कंपनीच्या हाती गेले आणि जून २०१९ मध्ये त्याचे दुकान कायमचे बंद झाले.

ऊया ही नवख्यांची कंपनी होती, भांडवल तोकडे होते, असे म्हणून हा विषय संपविता आला असता. परंतु ज्यांच्या तिजोरीला तळ नाही अशांचीही गत फारशी वेगळी झाली नाही. ॲमेझॉनने एप्रिल २०१४ मध्ये ‘फायर टीव्ही’ आणला, त्याचीही किंमत ९९ डॉलर. खेळांसाठीचा कंट्रोलर मात्र सुमारे ४० डॉलर देऊन वेगळा घ्यावयाचा होता. ॲपलने २०१५ मध्ये नव्या ‘ॲपल टीव्ही’बरोबर खेळांचे दुकान उघडले. गूगलने तर नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘स्टेडिया’ सुरू करून खोक्याचीच गरज काढून टाकली. खेळ दूरच्या संगणकावर चालणार आणि त्याचे चित्र तेवढे इंटरनेटवरून घरी येणार. जानेवारी २०२३ मध्ये स्टेडियाही मिटला. फायर टीव्ही आणि ॲपल टीव्ही घरोघरी टिकले खरे, पण ते चित्रपट व मालिका पाहण्याचे साधन म्हणून.

स्वस्त आणि सोयीची वस्तू बाजारात महाग वस्तूला हटविते, हा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गातील धडा येथे का लागू पडला नाही? त्याचे उत्तर असे की कन्सोल हा दिसतो तितका महाग नसतोच. त्याचा व्यवसाय एका तिपेडी करारावर उभा आहे. कंपनी यंत्र अल्प नफ्यावर, प्रसंगी तोट्यात विकते. यंत्रे घरोघरी गेली की खेळांचे निर्माते त्याच्यासाठी खेळ तयार करतात. आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळामागे कंपनी आपला हिस्सा घेऊन आधीचा तोटा भरून काढते. सोनीने २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ हे यंत्र ४९९ आणि ५९९ डॉलरना विकले, तेव्हा ग्राहकांनी महागाईची ओरड केली. प्रत्यक्षात उत्पादनखर्च त्याहूनही अधिक होता.

हा करार मोडला तर काय होते, याचा दाखला १९९३ मध्येच मिळाला होता. ‘थ्रीडीओ’ या अमेरिकन कंपनीने स्वतः यंत्र न बनविता त्याचा आराखडा पॅनासॉनिकसारख्या उत्पादकांना परवान्याने दिला, आणि निर्मात्यांना खूश ठेवण्यासाठी प्रत्येक खेळामागे केवळ तीन डॉलर स्वामित्वशुल्क ठेवले. वरवर पाहता योजना उदार होती. पण खेळांच्या उत्पन्नात वाटा नसलेल्या उत्पादकाने यंत्र तोट्यात का विकावे? परिणामी यंत्राची किंमत ७०० डॉलरच्या घरात गेली. दोनच वर्षांनी सोनीचे पहिले प्लेस्टेशन अमेरिकेत २९९ डॉलरना आले आणि थ्रीडीओचा निकाल लागला.

ऊयाचे गणित याच्या उलट्या बाजूने चुकले. यंत्र स्वस्त होते, पण त्यावरील खेळही दोन-पाच डॉलरचे होते. पाच डॉलरच्या खेळावर ३० टक्के हिस्सा म्हणजे दीड डॉलर. ६० डॉलरचा एकेक खेळ तयार करण्यासाठी प्रतिस्पर्धी कोट्यवधी डॉलर ओतीत असता या दीड डॉलरमधून कोणता मोठा खेळ उभा राहणार होता? शिवाय ‘कोणालाही मुक्तद्वार’ या घोषणेमागचा इतिहास तिच्या पुरस्कर्त्यांनी पाहिलेला दिसत नाही. १९८३ मध्ये अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, त्याचे एक मोठे कारण दर्जाहीन खेळांचा महापूर हेच होते. पुढे निन्टेन्डोने आपल्या यंत्रात कुलूपवजा चिप बसवून आणि प्रत्येक परवानाधारकावर वर्षाला पाच खेळांची मर्यादा घालून ग्राहकाचा विश्वास परत मिळविला. ही व्यवस्था जाचक होती यात शंका नाही. पण ती आकाशातून पडलेली नव्हती.

कंट्रोलरची गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते, परंतु ती निर्णायक आहे. सर्व ग्राहकांकडे जे साधन हमखास असेल, तेवढेच गृहीत धरून निर्माता खेळ रचतो. कंट्रोलर वेगळा विकला की तो थोड्यांकडेच राहतो, आणि थोड्यांसाठी कोणी मोठा खेळ करीत नाही. ॲपलने तर प्रत्येक खेळ सोबतच्या चिमुकल्या रिमोटवर खेळता आलाच पाहिजे, असा नियम घातला होता. तो २०१६ मध्ये शिथिल करावा लागला, तोवर निर्मात्यांचा उत्साह ओसरला होता.

नवागताला हा गड जिंकताच येत नाही, असे मात्र नव्हे. मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये ‘एक्सबॉक्स’ आणला, तो नवागत म्हणूनच. आदल्या वर्षी त्या कंपनीने ‘बंजी’ हा स्टुडिओ विकत घेऊन ‘हेलो’ हा खेळ आपल्या पदरात पाडून घेतला होता, आणि पुढील काही वर्षे अब्जावधी डॉलरचा तोटा सोसला. गूगलजवळ पैसा होता, धीर नव्हता. एक मोठा खेळ तयार व्हावयास चार-पाच वर्षे लागतात. गूगलने आपले स्टुडिओ २०१९ मध्ये उभारण्यास घेतले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये बंदही केले. ग्राहकांना यंत्रांचे व खेळांचे पैसे परत दिले, एवढी सचोटी तिने दाखविली. ऊयावर खेळ विकत घेतलेल्यांच्या नशिबी तेही नव्हते. निन्टेन्डोचे ‘स्विच’ हे यंत्र तर शक्तीने प्रतिस्पर्ध्यांहून दुबळे, तरी २०१७ पासून १५ कोटींहून अधिक खपले; कारण मारिओ अन्यत्र भेटत नाही.

भारतात या झगड्याचा आवाज फारसा ऐकू आला नाही. प्लेस्टेशन ५ येथे फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आले. कारकुनाच्या घरात एवढी रक्कम खेळावर खर्च होण्याची शक्यता नव्हती आणि रात्री आठ वाजता घरातला एकुलता टीव्ही मुलाच्या ताब्यात मिळण्याची तर त्याहूनही नव्हती. येथील मुले खेळू लागली ती थेट मोबाइलवर.

तथापि आता कन्सोलवाल्या कंपन्या स्वतःच जुन्या कराराला सुरुंग लावू लागल्या आहेत. यंत्र जुने होत जाते तशी त्याची किंमत उतरावी, असा या धंद्यातील रिवाज होता; २००० मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरना मिळणारे प्लेस्टेशन २ हे २००९ मध्ये ९९ डॉलरवर आले. याउलट नोव्हेंबर २०२० मध्ये ४९९ डॉलरना आलेले प्लेस्टेशन ५ ऑगस्ट २०२५ मध्ये, पाचव्या वर्षी, ५४९ डॉलरना विकले जाऊ लागले. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये सॅमसंगच्या टीव्हीवर आणि २०२४ मध्ये ॲमेझॉनच्या फायर टीव्हीवर एक्सबॉक्सचे खेळ कन्सोलवाचून उपलब्ध करून दिले. म्हणजे जे साधन प्रतिस्पर्धी म्हणून हरले, तेच आता त्या कंपनीच्या मालाचे दुकान झाले आहे. या व्यवहारात तोटा सोसून यंत्र देणारा कोणी उरत नाही. उरते ते मासिक वर्गणी. मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्वांत वरच्या श्रेणीची वर्गणी ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत दरमहा २० डॉलरवरून ३० डॉलरवर नेली. त्या दराने दोन वर्षांचे ७२० डॉलर होत होते. त्यात शेकडो खेळ खेळावयास मिळतात हे खरे, पण पंचविसाव्या महिन्यात वर्गणी थांबली तर त्यांतील एकही खेळ घरात राहत नाही.