चार ओळींची चरित्रे आणि त्यांतून निसटलेल्या स्त्रिया

जानेवारी २०२३ मध्ये ऑस्करची नामांकने जाहीर झाली, तेव्हा मिशेल यो यांच्याविषयी लिहिताना अमेरिकी वृत्तमाध्यमांना एक अवघड शब्दयोजना करावी लागली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या गटात नामांकन मिळवणाऱ्या त्या 'पहिल्या आशियाई' आहेत, एवढे लिहून भागणार नव्हते. म्हणून काहींनी 'स्वतःची ओळख आशियाई अशी सांगणाऱ्या पहिल्या' असे लिहिले. या शब्दांची समाजमाध्यमांवर थट्टाही झाली. पण त्यांच्यामागे मुंबईत जन्मलेल्या एका स्त्रीचे आयुष्य उभे होते. तिचे नाव मर्ल ओबेरॉन.

ओबेरॉन यांचा जन्म १९११ मध्ये मुंबईत झाला आणि बालपण कोलकात्यात गेले. घरात युरोपीय रक्ताबरोबर श्रीलंकेतल्या पूर्वजांचेही रक्त होते. जिला त्या आई म्हणून ओळखत होत्या, ती प्रत्यक्षात त्यांची आजी होती. इंग्लंडमध्ये चित्रपटांत प्रवेश मिळाल्यावर प्रसिद्धी विभागाने त्यांच्यासाठी नवे चरित्र रचले : जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर, घराणे गोरे. 'द डार्क एंजल' या १९३५ च्या चित्रपटासाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले, १९३९ मध्ये 'वुदरिंग हाइट्स'मधली कॅथी त्यांनी साकारली. आणि प्रत्येक परिचयपत्रात टास्मानिया कायम राहिले. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर जन्मस्थान बदलले नव्हते. खरी हकीकत १९८३ च्या एका चरित्राने पुढे आणली. २०२५ मध्ये मयूख सेन यांच्या 'लव्ह, क्वीनी' या चरित्राने त्या लपवाछपवीची किंमत नव्याने मांडली.

हे असत्य केवळ एका अभिनेत्रीच्या महत्त्वाकांक्षेतून जन्मले नव्हते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवले होते आणि ते दार १९४६ च्या कायद्याने उघडेपर्यंत बंदच होते. हॉलिवूडची आचारसंहिता भिन्नवंशीय प्रेमसंबंध पडद्यावर दाखवण्यास मनाई करत होती. चिनी वंशाच्या ॲना मे वाँग यांचा जन्म खुद्द लॉस एंजेलिसमधला. तरीही 'द गुड अर्थ' या चिनी शेतकरी कुटुंबावरच्या चित्रपटातली नायिकेची भूमिका त्यांना नाकारली गेली. ती करणाऱ्या युरोपीय अभिनेत्रीला मात्र ऑस्कर मिळाले. अशा काळात 'जन्म : मुंबई' हे दोन शब्द लिहिणे म्हणजे नायिकेच्या भूमिकांवर पाणी सोडणे होते.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या टांकसाळीने वाँग यांची छबी पंचवीस सेंटच्या नाण्यावर आणली. जे चरित्र एका पिढीत अडचण होते, ते दुसऱ्या पिढीत राष्ट्राचे भूषण झाले. मात्र या बदलातून एक प्रश्न उरतो. पूर्वी जे जन्मस्थान खोडले जात होते ते आता पहिल्या ओळीत आले, एवढ्याने त्या स्त्रीचे काम वाचकापर्यंत पोहोचले का?

'पहिली' या शब्दाचे ओझे

आज भारतीय वंशाच्या स्त्रीचा अमेरिकेतला कोणताही संक्षिप्त परिचय घ्यावा. त्याचा साचा ठरलेला असतो. जन्मगाव, शिक्षण, 'पहिली भारतीय वंशाची', पद आणि शेवटी अभिमानाचे एक वाक्य. कमला हॅरिस २०२१ मध्ये उपाध्यक्ष झाल्या तेव्हा तामिळनाडूतल्या त्यांच्या आजोळच्या गावापर्यंत कॅमेरे पोहोचले. कॅलिफोर्नियाच्या महान्यायवादी म्हणून त्यांनी घेतलेले निर्णय मात्र भारतीय भाषांतल्या परिचयांत क्वचितच वाचायला मिळाले.

मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण स्वाती दांडेकर यांचे. नागपूरच्या दांडेकर १९७० च्या दशकात आयोवात आल्या. सार्वजनिक जीवनाची सुरुवात त्यांनी १९९६ मध्ये स्थानिक शाळा मंडळावर निवडून येऊन केली. २००२ मध्ये त्या आयोवाच्या प्रतिनिधिगृहात निवडून आल्या, २००८ मध्ये सिनेटमध्ये. त्यांच्या परिचयांत 'राज्य विधिमंडळावर निवडून आलेल्या भारतात जन्मलेल्या पहिल्या अमेरिकी नागरिक' हे शब्द वारंवार आढळतात. वस्तुस्थिती अशी की, भारतातच जन्मलेले उपेंद्र चिवुकुला त्याआधीच्या वर्षी, २००१ मध्ये, न्यू जर्सीच्या विधानसभेवर निवडून आले होते. म्हणजे चरित्रातला जो शब्द सर्वांत ठळक, तोच सर्वांत कमी तपासलेला.

शिवाय त्या शब्दाच्या झगमगाटात अधिक बोलके प्रसंग झाकोळतात. २००२ च्या प्रचारात दांडेकरांच्या प्रतिस्पर्धी उमेदवाराने, भारतातून आलेली व्यक्ती मध्य-पश्चिम अमेरिकेच्या मूल्यांचे प्रतिनिधित्व कसे करणार, असा प्रश्न ईमेलमधून उपस्थित केला. ९/११ ला जेमतेम वर्ष झाले होते. त्या उमेदवाराच्या स्वतःच्या पक्षानेच या भूमिकेपासून फारकत घेतली आणि मतदारांनी दांडेकरांना स्पष्ट बहुमत दिले. सहा वर्षे शाळा मंडळावर काढलेल्या बाईंना परिसरातले पालक ओळखत होते. आयोवातल्या त्या निकालाचे मर्म 'पहिली' या विशेषणापेक्षा या सहा वर्षांत शोधावे लागते.

दुसरा प्रसंग तितकाच महत्त्वाचा आणि कमी सोयीचा. २०११ मध्ये डेमोक्रॅट दांडेकरांनी रिपब्लिकन गव्हर्नर टेरी ब्रॅन्स्टॅड यांनी देऊ केलेले राज्याच्या वीज-वायू सेवा नियामक मंडळाचे सदस्यत्व स्वीकारले आणि सिनेटची जागा सोडली. तेव्हा सिनेटमध्ये डेमोक्रॅटांकडे २६ विरुद्ध २४ एवढेच बहुमत होते. स्वपक्षीय नाराज झाले. पोटनिवडणुकीत दूरचित्रवाणीवरच्या माजी वृत्तनिवेदिका लिझ मॅथिस यांनी ती जागा राखली म्हणून बहुमत वाचले. दांडेकरांचा निर्णय योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. परंतु राजकारणी व्यक्तीचे चरित्र अशाच निर्णयांनी बनते. ते गाळले की उरतो तो केवळ सत्कारसमारंभातला परिचय.

आपली कोण, परकी कोण

क्षमा सावंत यांच्या बाबतीत हा साचा वेगळ्याच रीतीने मोडतो. जन्म पुण्याचा, बालपण मुंबईचे, घर तामिळभाषक, आडनाव मराठी. अमेरिकेत अर्थशास्त्रातली डॉक्टरेट मिळवून त्या सिएटलला स्थायिक झाल्या आणि २०१३ मध्ये समाजवादी उमेदवार म्हणून, सोळा वर्षे पदावर असलेल्या नगरसेवकाचा पराभव करून नगर परिषदेवर गेल्या. पुढच्याच वर्षी सिएटलने ताशी १५ डॉलर किमान वेतनाकडे टप्प्याटप्प्याने जाण्याचा निर्णय घेतला. त्या चळवळीतला त्यांचा वाटा मोठा होता. २०२१ मध्ये त्यांना परत बोलावण्यासाठी मतदान झाले आणि सुमारे तीनशे मतांनी त्या बचावल्या.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सावंत यांनी मांडलेला ठराव संमत करून सिएटल हे जातिभेदाला कायद्याने मनाई करणारे अमेरिकेतले पहिले शहर ठरले. त्या सभेत भारतीय वंशाचे नागरिक दोन्ही बाजूंनी बोलले. आंबेडकरवादी संघटनांनी ठरावाचे स्वागत केले. काही हिंदू संघटनांनी तो एका समाजाकडे बोट दाखवणारा म्हणून विरोध केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात अशाच आशयाचे विधेयक विधिमंडळात संमत होऊनही गव्हर्नर न्यूसम यांनी नाकाराधिकार वापरून परत पाठवले.

यानंतर सावंत यांचा परिचय कोण लिहितो, त्यावर त्यातले शब्द ठरू लागले. कुणाच्या लेखी त्या 'पुण्यात जन्मलेल्या'. कुणाच्या लेखी पुण्याचा उल्लेखही नको. जन्मगाव ही चरित्रातली सर्वांत निर्विवाद नोंद. पण मर्ल ओबेरॉन यांच्या बाबतीत ती कंपनीच्या सोयीने बदलली, तर येथे वाचकांच्या मतानुसार ठळक किंवा पुसट होते. सावंत यांची भूमिका पटो वा न पटो, त्यांनी मांडलेला कायदा काय म्हणतो, तो कोणाला लागू होतो आणि विरोधकांचा आक्षेप नेमका कशावर आहे, हे त्यांच्या चरित्रातून कळायला हवे. तरच पुण्याचा उल्लेख सार्थ ठरतो.

'विवाहानंतर अमेरिकेत स्थायिक'

मराठीत आणखी एक साचा आहे आणि तो चित्रपटसृष्टीत विशेष रुळला आहे. अर्चना जोगळेकर या कथक नृत्यांगना. आई आशा जोगळेकर यांच्याकडून नृत्याचा वारसा, 'निवडुंग'सारखे चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका. आणि मग परिचयाचे शेवटचे वाक्य, 'सध्या अमेरिकेत वास्तव्य'. प्रत्यक्षात न्यू जर्सीत त्यांनी नृत्यशाळा उभी केली आणि तेथे वाढणाऱ्या मुलींना कथक शिकवले. एखाद्या कलावतीने परदेशात नवे शिष्यवर्ग घडवणे ही चरित्राची अखेर नसून त्याचा उत्तरार्ध असतो. तो मराठी परिचयांत अर्ध्या वाक्यात आटोपतो.

अश्विनी भावे यांचेही तसेच. 'अशी ही बनवाबनवी' आणि 'हिना' यांच्यानंतर थेट 'पुनरागमन' हा शब्द येतो, जणू मधली कॅलिफोर्नियातली वर्षे घडलीच नाहीत. पुरुष कलावंत परदेशी गेला तर त्याने तेथे काय केले हे विचारले जाते. स्त्री गेली तर 'स्थायिक' या एका शब्दावर वाचक समाधान मानतो.

हा प्रश्न केवळ नामवंतांचा नाही. नोकरीसाठी आलेल्या पतीबरोबर एच-४ व्हिसावर अमेरिकेत आलेल्या बहुसंख्य भारतीय स्त्रियांना २६ मे २०१५ पर्यंत नोकरी करण्याचा अधिकारच नव्हता. त्या दिवसापासून, पती ग्रीनकार्डच्या प्रक्रियेत ठरावीक टप्प्यावर पोहोचला असेल तर, पत्नीला कामाचा परवाना मिळू लागला. या नियमाविरुद्ध वर्षानुवर्षे न्यायालयीन लढाई चालली. ऑगस्ट २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो वैध ठरवला. अभियंता, शिक्षिका, डॉक्टर म्हणून शिकलेल्या कित्येक जणींच्या आयुष्यातला रिकामा काळ या कायद्याने घडवलेला आहे. 'स्थायिक' हा शब्द तो काळ झाकतो आणि त्याची जबाबदारी नकळत त्या स्त्रीवरच टाकतो.

चरित्रांची दारे

कोणाचे चरित्र लिहायचे, हाही सत्तेचा प्रश्न असतो. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मार्च २०१८ मध्ये, पूर्वी दुर्लक्षिलेल्यांचे मृत्युलेख नव्याने लिहिण्याची मालिका सुरू केली. तिच्या पहिल्याच संचात मधुबाला होत्या. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंवरही लेख आला. त्याच वर्षी पदार्थवैज्ञानिक डोना स्ट्रिकलंड यांना नोबेल जाहीर झाले, तेव्हा विकिपीडियावर त्यांचे पानच नव्हते. काही महिन्यांपूर्वी कोणी तयार केलेला मसुदा, पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून, परत पाठवण्यात आला होता. इंग्रजी विकिपीडियावरील चरित्रांत स्त्रियांचा वाटा आजही साधारण पाचवा हिस्सा आहे.

मराठीजनांनी या उणिवेकडे त्रयस्थपणे पाहावे असे नाही. न्यूयॉर्क राज्यात पकिप्सी येथे डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीतल्या जागेत विसावल्या आहेत. तेथील शिलालेखावर नाव, वैद्यकीय पदवी आणि १८६५ ते १८८७ ही वर्षे आहेत. आणि त्याखाली, शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची ओळ आहे. बावीस वर्षांचे आयुष्य दगडावर कोरताना जात आणि 'पहिली' हे दोन शब्द निवडले गेले.

त्या दगडावर न मावलेले पुष्कळ आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी आपण अमेरिकेला का जात आहोत याची कारणे लोकांसमोर उभे राहून सांगितली. फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभाला रमाबाई इंग्लंडहून आल्या आणि मग दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहून, या देशाच्या समाजस्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिण्याइतकी सामग्री घेऊन परतल्या. आनंदीबाईंना मात्र एका वर्षाच्या आतच मृत्यूने गाठले. लोकप्रिय कथनांत गोपाळरावांचा हट्ट पुढे असतो. श्रीरामपूरचे भाषण मागे पडते.

दर दोन वर्षांनी अमेरिकेतल्या मराठी अधिवेशनांच्या स्मरणिका निघतात, दर ८ मार्चला कर्तबगार स्त्रियांच्या याद्या फिरतात. संक्षिप्त चरित्र हा तुच्छ प्रकार नव्हे; बहुतेक वाचकांची एखाद्या स्त्रीशी भेट त्या चार ओळींतच होते. म्हणूनच त्या ओळी जपून खर्चायला हव्यात. जन्मगाव जरूर असावे, ओबेरॉन यांना ते लिहिता आले नव्हते. परंतु त्यानंतरची ओळ 'पहिली'साठी राखून न ठेवता तिने काय केले, त्यासाठी कोणाचा रोष पत्करला आणि मधल्या कोऱ्या वर्षांत काय घडले, यांसाठी ठेवावी. पकिप्सीच्या दगडावरची ओळ आता बदलता येणार नाही. पुढच्या स्मरणिकेतली मात्र अजून लिहायची आहे.