फोटोत फोडणी दिसत नाही

घरांची अंतर्गत सजावट करून देणं हा माझा धंदा. हल्ली पहिल्याच भेटीत समोर येतो तो मोबाइल. ‘मॅडम, अस्संच हवंय.’ पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, कोपऱ्यात एक वाळकी फांदी. याला स्कॅन्डिनेव्हियन म्हणायचं. स्टॉकहोममध्ये डिसेंबरात दिवसाचा उजेड जेमतेम सहा तास. तेवढा तरी घरभर खेळावा म्हणून तिथे पांढऱ्या भिंती शोभतात. पुण्यातल्या पश्चिममुखी फ्लॅटमध्ये मे महिन्यात दुपारी साडेतीनला तशा हॉलमध्ये बसून दाखवा! डोळे दिपतात, मग जाड पडदे येतात आणि भरदुपारी दिवे लागतात.

स्वयंपाकघराची तर कमालच. पांढरा क्वार्ट्झचा ओटा आणि बिनहँडलचे शटर. त्या शटरला वरून खाच असते, तिच्यात बोटं घालून ओढायचं. कणकेच्या हातांनी दिवसातून दहादा ओढलं की खाचेत पिठाचा थर बसतो आणि तो जुन्या टूथब्रशनेच निघतो. हळदीचा डाग वेळीच पुसला नाही तर ओट्यावर पिवळी सावली राहते. रोज पोळी-भाजी होणाऱ्या घराला मी काळा ग्रॅनाइटच सुचवते. ‘जुनाट दिसेल,’ असं म्हणणाऱ्यांच्या घरी ओटा कोण पुसतं, हे मी हळूच विचारून घेते.

जुनाट म्हणाल तर मोझॅकचं बघा. ज्यांनी मोझॅकवर व्हिट्रिफाइड टाइल्स चिकटवल्या, फरशी उंच झाली म्हणून दारांना खालून रंधा मारून घेतला, तीच मंडळी आता ‘टेराझो’ मागतात. म्हणजे मोझॅकच! वरची टाइल फोडली तर फुकटात मिळेल, हे सांगितलं की हसतात. पटत मात्र नाही. फॅशन परत फिरते, त्याची दोन्ही वेळची मजुरी आपणच भरतो.

म्हणून मी फोटो बाजूला ठेवायला लावते. ओले टॉवेल कुठे वाळतात? पाहुणे आले की गाद्या जमिनीवर पडतात का? गणपती कुठे बसतो? एका कुटुंबात रात्री सगळे खालीच मांडी घालून जेवत. त्यांना आठ खुर्च्यांचं डायनिंग टेबल हवं होतं, कारण शेजाऱ्यांकडे होतं. शेवटी भिंतीला दुमडणारं टेबल केलं आणि उरलेल्या जागेत झोपाळा टांगला. कुठल्याच कॅटलॉगमध्ये बसणार नाही अशी ती बैठक आहे, आणि माझ्या कामांत मला सर्वांत आवडते.

रंग मात्र दुकानातल्या दिव्याखाली निवडू नका. दोन फूट पट्टा भिंतीवर मारून घ्या. सकाळी, दुपारी आणि रात्री आपल्याच घरातल्या दिव्यात बघा. पेंटर कुरकुरेल. कुरकुरू दे, त्याला चहा द्या.